विहिरीतलं लोखंड

गुरुवारी सकाळी पोहण्याच्या तलावाचं फाटक उघडलं आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली ती लिहिण्यासारखी नाही. तलावभर चहा! बिनदुधाचा, फिका, वर हिरवट झाक. पांढऱ्या फरश्यांच्या सांध्यांत तांबूस डाग धरायला लागलेले. आणि काठावर माझा धाकटा भाऊ, हातात ब्लीचिंग पावडरीचं घमेलं.

"शेवाळ झालंय गं ताई," तो म्हणाला. "काल एक पोतं टाकलं, पुरलं नाही. अजून एक मारतो."

"ठेव ते घमेलं खाली!"

मी इथे मुलांना पोहायला शिकवते. आमचे हे अकरा वर्षं इथलं पाणी सांभाळतात. धाकटा चार महिन्यांपासून मॅनेजर, आणि त्याच्यासाठी मालकीणबाईंकडे शब्द टाकला मी. स्वतःच्या थोबाडीत मारता आली असती तर त्या सकाळी दोन मारल्या असत्या.

फरश्या बदलायला तलाव रिकामा केला होता. नळाचं पाणी पुरेना, म्हणून मागच्या विहिरीतून भरायचं धाकट्याच्या डोक्यात आलं. ह्यांची एक रीत आहे. नवं पाणी कुठूनही येवो, आधी पांढऱ्या बादलीत घ्यायचं, चिमूटभर पावडर टाकायची आणि जेवण होईपर्यंत हात लावायचा नाही. सोमवारी त्यांनी तेच केलं. जेवून येतात तो बादलीत चहा. त्यांनी बादली उचलून नेऊन धाकट्याच्या टेबलावर ठेवली.

"ह्या पाण्यात लोह आहे. पावडर पडली की गंज होऊन बाहेर येतं. हे पाणी नको."

"दाजी, काचेसारखं पाणी आहे ते. तुमची बादलीच गंजलेली असेल."

प्लास्टिकची बादली! अरे, प्लास्टिक कधीपासून गंजायला लागलं? पण उथळ पाण्याला खळखळाट फार. बुधवारी ह्यांची सुट्टी होती. तेवढा मुहूर्त साधून साहेबांनी पंप लावला, तलाव भरला आणि वर पोतं ओतलं.

हे आले तेव्हा मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. ते काठावर उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, सोडून दिलं.

"शेवाळ नाही. लोह फुटलंय," एवढंच बोलले. "पावडर बंद."

रविवारी मुलांच्या शर्यती होत्या. मालकीणबाई स्वतः येणार होत्या. धाकट्याने ह्यांना बाजूला घेतलं, पण माझे कान काही बाजूला गेले नव्हते.

"दाजी, बाईंना काहीतरी लेखी द्यावं लागेल. माझे प्रोबेशनचे सहा महिने अजून भरायचेत, मला एका मिनिटात काढतील. तुम्ही जुने. तुमच्या हातून पावडर जास्त पडली असं लिहून दिलंत तर रागावतील आणि सोडून देतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज वाटत नाही? आणि तुम्ही हो, खबरदार सही केलीत तर! अकरा वर्षांत ह्या माणसाच्या पाण्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. तुझ्या घमेल्यापायी ठेवू देणार नाही मी."

हे "बघू" म्हणाले. ह्यांचं "बघू" मला लग्नापासून माहीत आहे, पण त्या दिवशी कामापुढे मला त्याचा अर्थ लावायला सवड झाली नाही. चूक झाली.

पिंपात तुरटी विरघळवून त्यांनी ती तलावभर शिंपडली, लांब दांड्याने पाणी हलकं ढवळलं आणि सगळे पंप बंद केले. पाणी एक दिवस निवांत राहू दे म्हणाले. शुक्रवारी तळाला पिवळा-तपकिरी गाळ बसला होता. तो त्यांनी पाइपने हळूहळू ओढून थेट गटारात सोडला. घाई केली की गाळ उठतो, म्हणून एक एक फरशी. तरी बारीक गंज पाण्यात होताच. वाळूच्या फिल्टरमधून तो सरळ पलीकडे जात होता. मग त्यांनी एका बादलीच्या बुडाला भोकं पाडली आणि माझ्याकडे बघितलं.

"उश्या आण."

घरच्या चारही उश्या फाडल्या मी. आतला पांढरा फायबर बादलीत ठासून भरला आणि तलावाचं पाणी पंपाने त्यातून काढून परत तलावात सोडलं. अर्ध्या तासात फायबर विटेसारखा लाल! काढा, पिळा, धुवा, पुन्हा भरा. दोन दिवस मी तेच केलं आणि दर पिळ्याला धाकट्याची मान डोळ्यांसमोर आणली. तो मात्र शर्यतींचे बिल्ले मोजत ऑफिसात गार हवेत बसला होता.

रविवारी तळाची रेघन् रेघ दिसत होती. ह्यांचे डोळे सुजले होते, हाताची कातडी सोललेली होती, पण पाणी! बघत राहावं असं.

मालकीणबाई आल्या. काठाने चालत गेल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय. कुणी केलं?"

"करून घेतलं मी," धाकटा म्हणाला. डोळ्याची पापणी लवली नाही.

"बाई," मी पुढे झाले, "पाणी साफ केलं माझ्या नवऱ्याने आणि खराब केलं माझ्या भावाने. सोमवारीच बादलीत दाखवलं होतं त्याला."

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "मला तर गुरुवारीच हे मिळालं. 'पावडर चुकून जास्त टाकली, निष्काळजीपणा माझा.' ही सही कुणाची?"

गुरुवारी. म्हणजे उश्या फाडायच्या आधी.

"माझी," हे म्हणाले.

"अहो, सांगा ना खरं!"

"सही माझीच आहे, बाई."

मी धाकट्याकडे बघितलं. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता त्याने. तो घड्याळ बघत बसला.

"मुलं उतरतात ह्या पाण्यात," बाई म्हणाल्या. "औषधात चूक करणारा माणूस मी ठेवू शकत नाही. आणि तुम्ही बायको आहात, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार. मी लेखी असेल ते धरते." बाई शर्यती बघायला निघून गेल्या.

फाटकाबाहेर मी ह्यांचा दंड धरला. "का केलंत असं?"

"तुझा भाऊ आहे. उद्या त्याला काढलं असतं तर तुलाच लागलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ."

"मला विचारलंत?"

ते सोललेले तळवे एकमेकांवर चोळत राहिले.

"माझ्यासाठी केलंत ना? मग मला विचारलंत का एकदा तरी? अकरा वर्षांचं नाव गटारात सोडलंत, आणि तेही माझ्या नावावर!" मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "त्या मेल्यापेक्षा तुमचाच जास्त राग येतोय मला."

मी मागे फिरले.

"कुठे निघालीस?"

उत्तर दिलं नाही. ऑफिसचं दार ढकललं. धाकटा टेबलामागे बसला होता, मला बघून अर्धवट उठला.

"ताई, ऐक तरी..."

"कोरा कागद दे," मी म्हणाले. "सोमवारच्या बादलीपासून सगळं लेखीच देते बाईंना. आणि पेन चालतंय का बघून दे."