लाल शेपटीचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला उंदराचा पिंजरा आहे, आणि सध्या माझं उत्तम चाललं आहे, कारण माझ्यात कुणीच नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. कारागिराने तारा विणल्या, आत पावासाठी आकडा टांगला, दाराला स्प्रिंग लावली आणि खात्री करायला स्वतःचं बोट घातलं. बोट अडकलं तेव्हा तो कळवळला, पण समाधानाने हसलाही.

मला विकत घेतलं ते आजोबांनी. त्या घरात तेव्हा मोठी पंचाईत झाली होती. सून बाळंत होऊन तिच्या आईकडे होती आणि इकडे नातवंडासाठी आणलेल्या पाळण्याच्या गादीचा कोपरा उंदराने कुरतडला होता. ते पाहून मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, उंदीर गेल्याशिवाय मी बाळाला इथे आणणार नाही." आजीने गादीला ठिगळ लावलं, पण तिच्या जिवाची घालमेल थांबेना.

मी कामाला लागलो. पहिल्याच सकाळी एक उंदीर अडकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक, मग पुन्हा. आजोबा मला उचलून निघत आणि परत आल्यावर जिन्यातच जाहीर करत, की पुलापलीकडे सोडून आलो. शेजारी माझं कौतुक करू लागले. दोघांनी तर मला उसना मागितला.

खरी हकिगत मला ठाऊक होती, पण पिंजऱ्याला विचारतो कोण? आजोबा पुलापर्यंत कधी गेलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानामागे ते माझं दार उघडत आणि मग निवांत बसून दोन चमचे साखरेचा चहा घेत. घरी त्यांना साखर बंद होती. उंदीरही रोज तोच असे. फुकटचा पाव, वर सकाळचा फेरफटका. तो आमच्या आधीच घरी पोचलेला असे.

आजीला मात्र इतके उंदीर एकाच घरात मावतील हे पटेना. एके दिवशी तिने सुनेची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढली आणि तारांबाहेर लोंबणारी शेपटी टोकाला रंगवून टाकली. आजोबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते; नंतर शेपटीकडे न बघताच ते मला उचलून नेहमीसारखे निघाले.

दुसऱ्या सकाळी माझ्यात लाल शेपटी बसलेली होती.

आजीने मला आजोबांच्या पुढ्यात ठेवलं. "अहो, पुलापलीकडचे पाहुणे आलेत," ती म्हणाली. आजोबांनी शेपटीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे पाहिलं, आणि चहासकट सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या चहापायी माझं बाळ तिकडे राहिलंय हो."

त्या दिवशी दोघंही मला घेऊन खरोखर पुलापलीकडे गेली. परतल्यावर आजोबांनी ओट्याखाली वाकून पाहिलं. पाण्याचा नळ भिंतीतून येतो तिथे मुठीएवढं भोक होतं. ते बुजवायचं काम ते कित्येक महिने उद्यावर ढकलत होते. आता त्यांनी त्यात जाळी कोंबली आणि वर सिमेंट लिंपलं. आजीने धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत भरलं.

मग मला पुन्हा मांडलं. सकाळी मी रिकामा होतो, दुसऱ्या दिवशीही रिकामाच. आकड्यावरचा पाव वाळून खडखडीत झाला, पण त्याला कुणाचा दात लागला नाही. आजीने त्या पावावरून बोट फिरवलं आणि मुलाला फोन लावला.

बाळ आलं. ठिगळाच्या गादीवर पाय झाडत झोपलं. आजोबा उगाच दारापाशी घुटमळत होते, कारण आता बाहेर जायला निमित्त उरलं नव्हतं. आजीने ते ओळखलं.

"जा, अर्धा कप घेऊन या," ती म्हणाली, "आणि पिंजरा इथेच राहू द्या."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातली भोकं वेळेवर बुजवा आणि अन्न झाकून ठेवा. मला अधूनमधून पुसून तेलाचा थेंब द्या, पण मी भरलेला दिसावा अशी इच्छा धरू नका. खाली बाळ झोपलेलं असताना माळ्यावर रिकामं बसण्यासारखं सुख नाही.