डांबऱ्याच्या नावाचे पट्टे

माणगाव सोडून मुंबईच्या अंगाला निघालं की पेट्रोल पंपाच्या पुढे एक पत्र्याचं दुकान लागतं. आत रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे ढीग आणि शिलाई मशीनवर वाकलेली कमळ. ट्रकच्या केबिनची गादी असो की टेम्पोचं फाटलेलं सीट, त्या पट्ट्यातले ड्रायव्हर तिच्याकडेच येतात. तिचं माहेर-सासर दोन्ही पेणकडचं, मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरांतलं. नवरा नामा ट्रक चालवता चालवता माणगावात स्थिरावला आणि त्याच्या मागोमाग येऊन कमळनं हे दुकान मांडलं.

एकुलती लेक लग्न होऊन पनवेलला गेली, त्याच वर्षी डांबऱ्या आला. महामार्गाच्या कामावर सांडलेल्या डांबरात एक काळं पिल्लू अडकून केकाटत होतं. कमळनं त्याला उचलून आणलं आणि खोबरेल चोळून चोळून त्याचे पाय मोकळे केले. रस्त्यावरचे मजूर त्याला डांबऱ्या म्हणायचे, तेच नाव राहिलं. एक कान उभा, एक पडलेला, असा तो फोमच्या कतरणीवर झोपायचा. मशीनच्या आवाजात कमळला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून गिऱ्हाईक आलं की तो उठून तिच्या पोटरीला ओलं नाक लावायचा. नामाच्या ट्रकचा हॉर्न तर तो शंभर गाड्यांतून ओळखायचा.

एका थंडीतल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, बाहेर ब्रेक करकचला. कमळ मशीन सोडून धावली तर एक तरुण पोरगा डांबऱ्याला दोन्ही हातांवर घेऊन दुकानाकडे येत होता. त्याचा मासळीचा टेम्पो रस्त्याच्या कडेला तिरका उभा होता.

"काकी, दिसलाच न्हाय हो," तो रडत म्हणाला. "काळा कुत्रा, काळा रस्ता. शपथ घेऊन सांगतो, दिसला न्हाय."

डांबऱ्यानं कमळकडे एकदा पाहिलं आणि मान टाकली. नामा तेव्हा गुजरातच्या फेरीवर होता. दुकानामागे, चिंचेखाली खड्डा खणला तो त्या पोरानेच. त्याचं नाव सुजित, बोर्ली पंचतनचा. पळून जाता आलं असतं, तरी तो थांबला होता. कमळला त्याच्यावर चिडायचं होतं, पण जमलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "सावकाश जा."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. घरी बसून काय करणार? एका ट्रकचं काम हातात होतं. मागच्या फळीला लावायची रेडियमची पट्टी कापताना तिचे हात थांबले. रस्त्यावर ट्रक दिसावा म्हणून माणसं एवढी लाल-पांढरी पट्टी लावतात, आणि जनावरानं मात्र अंगचा काळा रंग घेऊन अंधारात फिरायचं. तिनं रेक्झिनची एक पट्टी कापली, त्यावर रेडियम शिवलं, बक्कल लावलं आणि दुकानाच्या दारात पडून असणाऱ्या दोन भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे बांधून टाकले.

समोरचा चहावाला रामचंद्र हसून हसून बेजार झाला. "वहिनी, आता कोणी ट्रक समजून यांना साइड मागेल!"

"मागू दे," कमळ म्हणाली. "साइड मागतील, तर अंगावर तरी घालणार न्हाईत."

उरलेल्या रेक्झिनमधून ती पट्टे शिवत गेली. ड्रायव्हर गादी न्यायला आले की ती त्यांच्या हातात चार पट्टे ठेवायची. सुजितही टेम्पो थांबवून न्यायला लागला. पण तिच्या या कामाची पहिली दखल घेतली गेली ती शाबासकीने नव्हे. एक दिवस अमिषा नावाची मुलगी दुकानात आली आणि तिनं एक पट्टा मशीनवर आपटला.

"हे तुम्ही शिवता?"

"व्हय. का गं?"

"रेक्झिनच्या कडेनं एका कुत्रीची मान सोलून निघाली आहे. जखमेत किडे पडले होते. बांधलं ते बांधलं, पुन्हा सैल कोण करणार?"

अमिषा आणि तिचे तीन-चार मित्र गावाबाहेरच्या एका शेडमध्ये रस्त्यावरची जखमी जनावरं सांभाळायचे. कमळनं मशीनवर कापड टाकलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, मला दाखव ती कुत्री."

शेडमध्ये तीन पायांचा कुत्रा होता, कंबर मोडलेली गाय होती, आणि गोणपाटावर पडलेली ती पिवळी कुत्री. कमळ तिच्यापाशी बसली. अमिषानं जखम धुतली तेव्हा कुत्रीचं डोकं कमळनंच धरून ठेवलं. जनावरं नुसत्या कोब्यावर पडली आहेत, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. निघताना ती म्हणाली, "पट्टा कसा पायजे ते मला तू शिकव. मी चुकले, पण थांबणार न्हाय."

अमिषाचा राग तिथेच उतरला. मग दोघींचं येणं-जाणं सुरू झालं. आतून मऊ सुती पट्टी, बाहेरून रेडियम, आणि हिसका बसला की आपोआप सुटणारं बटण. पहिले कितीतरी पट्टे अमिषानं परत केले. कमळ न कुरकुरता उसवून पुन्हा शिवायची. अखेर एक पट्टा अमिषानं हातात घेऊन ओढला, फिरवला, आणि कमळला मिठी मारली.

त्या महिन्यापासून कमळनं ठरवूनच टाकलं. दुकानात होणाऱ्या प्रत्येक केबिनच्या कामाच्या पैशातला एक हिस्सा शेडच्या औषधपाण्याला, आणि फोमच्या प्रत्येक उरलेल्या तुकड्याची जनावरांसाठी गादी. सगळं डांबऱ्याच्या नावानं.

नामाला हे पटलं नाही. "आपण धंदा करतो का देऊळ चालवतो?"

"तुमचा ट्रक वळणावर दिसायच्या आधीच शेपूट हलवत रस्त्याला कोण जायचं?" कमळनं विचारलं. नामा ताटावरून उठला आणि बाहेर चिंचेखाली जाऊन उभा राहिला. डांबऱ्याच्या शेवटाला आपण नव्हतो, ही सल त्यालाही होतीच. त्यानं ती कधी बोलून दाखवली नव्हती.

पुढच्या फेरीवरून तो परतला तेव्हा त्यानं ट्रक दुकानासमोर उलटा लावला. "बघ जरा मागं," तो आत न येताच म्हणाला. मागच्या फळीवर इतकी वर्षं असलेलं कमळाचं फूल आणि दोन मोर पुसून टाकले होते. तिथे पेंटरकडून एक काळा कुत्रा काढून घेतला होता, एक कान उभा, एक पडलेला, गळ्यात खऱ्या रेडियमचा पट्टा. खाली लिहिलं होतं : 'डांबऱ्याची गाडी, सावकाश हाकतो.'

कमळनं पदरानं तोंड झाकलं. रामचंद्र चहाचा ग्लास हातात धरून बघतच राहिला. या वेळी तो हसला नाही.

तो ट्रक जिथे जिथे गेला तिथे ड्रायव्हर विचारू लागले. सीट कव्हर शिवायला महाडहून गाड्या यायला लागल्या. एकटीला काम उरकेना, तेव्हा सखुबाई नावाची शेजारीण पट्टे शिवायला बसू लागली. शेडला पक्कं छप्पर आलं. आणि मग सुजित एक दिवस येऊन म्हणाला, "काकी, आमच्या बोर्लीत लसीकरणाचं शिबिर लावू या. मासळी बाजारात कुत्रे लई हायत. जागा ठरवून आलोय."

जागा होती सिराजुद्दीनचाचांच्या नारळाच्या वाडीत. त्यांनी अनेक वर्षं कुवेतला काढली होती, आता बर्फाचा कारखाना चालवत होते. "आम्ही घरात कुत्रा ठेवत नाही, ताई," कमळला खुर्ची देत ते म्हणाले. "पण तहानलेल्या जनावराला पाणी पाजणं मोठा सवाब, मोठं पुण्य. तुम्ही तर त्याला मरणातून काढताय."

शिबिराला सारा गाव लोटला. मासळी विकणाऱ्या बायका कुत्र्यांना मासळीच्या डोक्यांची लालूच दाखवून आणत होत्या. अमिषा आणि दोन डॉक्टर सुया टोचत होते, सुजित कुत्री धरत होता, कमळ एकेकाच्या गळ्यात पट्टा अडकवून दोन बोटं आत घालून बघत होती. हरिहरेश्वरहून दोन घरगुती खानावळवाले आले होते. आमच्याकडेही शिबिर घ्या म्हणून मागे लागले.

दुपारी सिराजुद्दीनचाचांनी माइक तिच्या हातात दिला. कमळ आयुष्यात कधी माइकवर बोलली नव्हती.

"मी गाड्यांच्या गाद्या शिवते," ती म्हणाली. "माझा एक कुत्रा होता. तो दिसला न्हाय म्हणून गेला. ज्याच्या गाडीखाली गेला, त्यो सुजित आज इथं सकाळपासून कुत्री धरतोय. माझ्या डांबऱ्याला दुसरी कसली समाधी नको."

सुजितनं हातातल्या पिल्लाच्या अंगात तोंड लपवलं. टाळ्या थांबेनात. मागे, वाडीच्या फाटकापाशी नामा ट्रकला टेकून उभा होता. बाजूच्या एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "कोण हो ही बाई? कुठल्या संस्थेची?"

"संस्था कसली, बायको हाय माझी," नामा म्हणाला. छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. "कमळ कुशनवाली. माणगावच्या रस्त्यावर कुणालाही विचारा."

"आणि तुम्ही?"

"मी डायवर हाय तिचा."

म्हातारा हसला. तेवढ्यात कमळनं माइक खाली ठेवला आणि तिथूनच हाक मारली, "अवो, ट्रकमधनं पट्ट्यांची दुसरी गोणी आणा, ही संपली."

"आणली!" नामा ओरडला आणि ट्रकवर चढू लागला.