नाकाशी धरलेली वहाण

मी ईश्वरप्पांची डावी वहाण बोलतेय. शिरूर अनंतपाळच्या पिराजीनं मला कातड्यातून घडवलं, तेलात मुरवलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं.

माझी जोडीदारीण, उजवी, जन्मभर नुसती चालली. मला मात्र मान मिळाला. गावात कुणाला भोवळ आली, फेफरं आलं, की लोक मलाच मागायला येत. माझा वास दिला की माणूस शुद्धीवर येतो, असा बोलबाला होता. खरं सांगते, माणूस आपोआपच उठायचा. पण कौतुक कुणाला नको असतं?

मग ईश्वरप्पांच्या पुतणीचं लग्न निघालं. पंगतीत महसुलाची तपासणी करणारे सरकारी गिरदावरसाहेब बसले होते. त्यांना काहीतरी सांगता सांगता ईश्वरप्पा मोठ्यानं हसले, तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता, आणि हसू मधेच थांबलं. दोन्ही हात गळ्याशी गेले. तोंड उघडं, पण आवाज नाही, खोकला नाही. ओठ निळे पडू लागले.

"फेफरं आलं. पायताण आणा," त्यांचा भाऊ भुजंग म्हणाला.

मला नाकाला लावलं. मीही जीव तोडून वास दिला. पण हवाच आत जाईना, तिथं वास कुठून जाणार? त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

ईश्वरप्पांची बायको लक्ष्मम्मा वाढत होती. चारचौघांत नवऱ्याकडं मान वर करून न बघणारी बाई. हातातलं पातेलं टाकून ती धावली.

"फेफरं न्हाई हे. घशात अडकलंय."

कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. नवऱ्याला पुढं वाकवलं, एका हातानं छाती सावरली आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं सणकून रपाटा हाणला.

"काय करून राहिलीस? नवऱ्याला मारतीस?" सासू यशोदाबाई म्हणाल्या.

"हाव, मारून राहिले," म्हणत तिनं आणखी दोन-तीन रपाटे हाणले.

खोबरं उडालं ते थेट गिरदावरसाहेबांच्या वरणात पडलं. ईश्वरप्पांनी मोठा श्वास ओढला. खोकले, रडले.

"पाठ दुखून राहिली का?" लक्ष्मम्मानं हळूच विचारलं.

"लई."

"मग जित्ते हाव तुमी," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली.

आता माझा अंगठा तुटलाय. गोठ्यामागं पडून असते. एकच विनंती आहे. कुणी कोसळलं, तडफडू लागलं, तर आधी त्याच्याकडं नीट बघा. गळा धरून मुका झाला असेल तर वाकवून पाठीत हाणा. फेफरं असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका. आणि बिचारा डोळे उघडेल तेव्हा समोर माणसाचं तोंड दिसू द्या, माझं नको.