वाकलेल्या झाडाचं कार्ड

कार्डावरचं झाड डावीकडे वाकलेलं, तीन-चार पानं उडालेली – वारा काही काढता येत नाही, म्हणून चित्रकाराने झाडच वाकवलंय, आणि मग पेशंट हमखास "झाड" म्हणतात, आणि ती मान हलवून विचारते, झाडाला काय होतंय?... आज समोर आईच. पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईचे शब्द गेले, आणि गेलेले शब्द परत आणणं हे तर हिचं रोजचं काम; स्पीच थेरपीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"वाळलं," आई म्हणाली.

ती हसली. बरोबरच की! जन्मभर लॉन्ड्री चालवलेली बाई. बोट ओलं करून वारं बघायची आणि चादरी कधी मिळतील ते छातीठोक सांगायची.

शब्द अडला की वाक्याची सुरुवात आपण करून द्यायची, उरलेलं जिभेला पाठ असतं – ही तिची हातखंडा रीत.

"उकडतंय, जरा वारा..."

"घाल."

"कानात वारा शिरलेलं..."

"वासरू!" आणि आईने चालत्या हाताने तिच्याकडेच बोट दाखवलं.

"कामाचं नाव काढलं की वाऱ्यालासुद्धा..."

"उभा राहत नाही." हे भावाबद्दल, दोघींनाही ठाऊक. आजारपणानंतर आई पहिल्यांदाच खुदखुदली. मला जमतं हे... मला हे फार छान जमतं.

म्हणजे दुसरंही जमेल. दुपारी वृद्धांच्या संस्थेची गाडी येणार, आईला न्यायला. खोली उजेडाची, रात्री-अपरात्री नर्स हाकेला. भावाशी बोलून झालं, बॅग भरून झाली, आईला सांगायचं तेवढं राहिलं. सराव संपला की सांगू, सोप्या वाक्यांत. मी दिवसभर कामावर, घरी बघणार कोण? निर्णय योग्यच आहे.

ती कार्डं गोळा करू लागली. आईने त्यांतलं वाकलेलं झाड ओढून घेतलं आणि छातीशी उभं धरलं – अगदी ती पेशंटसमोर धरते तसं.

"मला... वाऱ्यावर..."

आणि आई थांबली. शब्द अडला म्हणून नाही. भुवया किंचित वर, घाई नाही, सावकाश सांग, असा चेहरा – हा चेहरा तर माझा...

पुढचा शब्द तिला येत होता. सोडतेयस... की सोडणार नाहीस... दोन्ही तोंडाशी आले, आणि जीभ हलेना. आई कार्ड धरून वाट बघत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती टेबलाच्या त्या, पेशंटच्या बाजूला बसली होती.