पाच नंबरची काठी

बसा असे शेगडीजवळ. हा तुंबा धरा, गरम आहे. नळी ढवळू नका, आतला येर्बाचा पाला बिघडतो, काढा नुसता ओढा. ओढत ओढत ऐका, तुम्हाला आमच्या क्लेतोची गोष्ट सांगतो. माशाची नाही हं. माशाच्या गोष्टी या हुनीन गावात कोणीही सांगेल, आणि दरवेळी मासा वीतभर वाढवून सांगेल. ही गोष्ट एका काठीची आहे, आणि भीतीपोटी एका भल्या माणसाने काय काय केलं त्याची.

तर गुरुवार होता, ऑक्टोबर संपत आलेला. दुपारचे अडीच. अडीचला आमचं गाव म्हणजे स्मशान. जेवून सगळे आडवे. आणि क्लेतो वेनुफिल ओर्फेलिनाच्या दुकानाच्या शटरवर टकटक करत होता. डाव्या हाताने.

"कोण मेलं?" आतून आवाज आला.

"कोणी नाही. मी आहे, क्लेतो."

"मग कोणीतरी मरू दे, नाहीतर पाच वाजू दे. त्याच्या आधी उघडत नाही."

"उघड गं ओर्फे. काठी घ्यायचीय."

"दुपारी अडीचला? कुठून चोरून आणलेस पैसे?"

पण शटर वर गेलं. ओर्फेलिना बाई डोक्याला जाळी, पायात नवऱ्याच्या सपाता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, सपाता अजून चालतायत. तिच्या दुकानात एका बाजूला विणायची लोकर आणि दुसऱ्या बाजूला मासेमारीचं सामान. अख्ख्या गावाचे स्वेटर आणि अख्ख्या गावाच्या थापा, दोन्ही तिथूनच निघतात असं ती स्वतःच म्हणते.

क्लेतो एकसष्ट वर्षांचा. सत्तावीस वर्षं तो बेर्तोलामीच्या नदीकाठच्या हॉटेलात वाटाड्या. परदेशी पाहुण्यांना पाण्यात उभं करायचं, ट्राउट मासा कुठल्या दगडामागे उभा आहे ते दाखवायचं, पिसांची खोटी माशी त्याच्या नाकासमोर कशी अलगद टाकायची ते स्वतः टाकून शिकवायचं. बाकी आयुष्यात त्याने काही फार केलं नाही. लग्न केलं, दोन खोल्या बांधल्या, मेंढ्या पाळल्या आणि विकल्या. पण दोरी फेकायचा तेव्हा लोक पुलावर सायकली थांबवायचे. दोरी हवेत अशी उलगडायची, की कोणी चादर झटकून अंथरतंय असं वाटावं.

"कोणासाठी काठी?" ओर्फेलिनाने विचारलं.

"भाच्यासाठी."

"कुठला भाचा?"

"सापालाचा."

"सापालात नदी कुठाय रे? तिथे आंघोळीला पाणी नाही."

"येणारे तो इकडे. सुट्टीत."

गल्ल्यावर तिने तीन काठ्या मांडल्या. पहिली नळकांड्यातून बाहेरसुद्धा काढली नाही. "ही बघायची. घ्यायची ती बेर्तोलामीच्या पाहुण्यांनी. ही दुसरी सहा नंबर, कडक, आपल्याकडचे सगळे वाटाडे हीच वापरतात, वारा कापते. आणि ही तिसरी. पाच नंबर, नऊ फुटी, चार तुकड्यांची. कोरियाची आहे. मुठीच्या बुचाला भोकं होती, लांबी भरून बुजवलीयत, म्हणून स्वस्त. भाचा कितीसा दांडगा आहे?"

"आहे आपला... मध्यम."

"धर बघू सहा नंबर."

क्लेतोने डावा हात पुढे केला.

"उजवा काय खिशात अंडी उबवतोय?"

तो हसला, पण हसू तोंडापर्यंतच आलं. उजवा हात खिशातच राहिला.

त्याचं असं झालं होतं. जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, मोठा बर्फ पडला त्या आठवड्यात, लाकडं फोडताना कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन पडली. कोंबडी वाचली, क्लेतो वाचला नाही. कारण कुऱ्हाड निसटली नव्हती. बोटांनी ती सोडून दिली होती, त्याला न विचारता. मग तुंबा पडला. मग सदऱ्याची गुंडी लागेना. त्याचा बाप असाच गेला होता. आधी मेंढ्या कातरायची कात्री पडली, मग चमचा पडला, मग शेगडीजवळची खुर्ची आली आणि बाप त्या खुर्चीत अकरा वर्षं बसून राहिला. भरवायचं काम क्लेतोकडे होतं. ती खुर्ची अजून त्याच्या घरात आहे. जूनपासून तो तिच्यावर कपडे टाकून ठेवत होता, म्हणजे ती दिसू नये.

बायकोला, देल्मिराला, त्याने सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या रस्त्याने जाणंही बंद केलं होतं. पावाला जायचं तर वळसा घालून जायचा.

आणि आता शनिवार तोंडावर आला होता. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी बेर्तोलामी सगळ्या वाटाड्यांना गवतावर उभं करतो, पंचवीस पावलांवर आपली टोपी उलटी ठेवतो, आणि प्रत्येकाने तीन फेकींत दोरीचं टोक टोपीत टाकायचं. मागच्या साली एर्मेलिंदोचं तीनदा चुकलं. मालक ओरडला नाही, काही नाही. टोपी झटकली आणि म्हणाला, "आभारी आहे, एर्मेलिंदो." एर्मेलिंदो आता बसस्टँडवर एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, विकतो. चांगल्या असतात, पण विचारा त्याला रात्री झोप लागते का.

क्लेतोची जुनी काठी सात नंबरची, जड. ती त्याच्याने उचलवेना. म्हणून हलकी काठी. आणि आमच्याकडे काठी फेकून बघितल्याशिवाय कोणी घेत नाही. गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधायचा, दुकानामागच्या मोकळ्या जागेत जायचं, फेकायची. बघायला अर्धं गाव तुंबे घेऊन कुंपणाला लागतं. त्यात एक रीत मात्र आम्ही पाळतो. कोणाची फेक बिघडली, दोरीचा गुंता होऊन पायाशी पडली, तर हसायचं नाही. सगळ्यांनी वर बघायचं आणि म्हणायचं, काय वारा आहे! वारा आमच्याकडे असतोच, बारा महिने, कौलं उडवणारा. त्यामुळे ते कोणाला खोटं वाटत नाही.

कोणी बघू नये म्हणून क्लेतोने अडीचची वेळ धरली. ओर्फेलिनाने गोंडा बांधला, दोघं मागच्या दाराने बाहेर आले, आणि क्लेतो जागीच थांबला.

वारा नव्हता.

पॉपलरची झाडं चित्रात काढल्यासारखी उभी. तारेवरच्या पायजम्याचे पाय सरळ खाली. लांब लानीन डोंगराच्या डोक्यावर ढग बसलेला, तोही हलत नव्हता. वर्षातून एखादा असा दिवस येतो, कुत्रीसुद्धा बिचकतात. लोक नसावेत एवढंच क्लेतोने बघितलं होतं. वारा नसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"फेक," ओर्फेलिना म्हणाली. "भाच्याच्या हाताने नको. तुझ्या."

त्याने उजवा हात बाहेर काढला. सहा नंबर धरली, मागे नेली, आणि पुढे आणायच्या क्षणी बोटं उघडली. काठी मागच्या मागे गवतात जाऊन पडली. तो नुसती मूठ पुढे झटकून उभा राहिला, डास मारल्यासारखा.

ओर्फेलिना वारा म्हणाली नाही. काठी उचलून पुसत तिने विचारलं, "कधीपासून?"

"जूनपासून."

"देल्मिराला माहितीये?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"नाही गं."

"तुझ्या बापाचं..."

"नाव काढू नको!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारची कोंबडी ओरडली. मग हळू आवाजात म्हणाला, "ओर्फे, मी त्याला अकरा वर्षं भरवलं. मला कोण भरवणार, हा प्रश्नच नाही, देल्मिरा भरवेल. मला ते तोंड उघडायचं नाहीये. चमचा समोर आला की माझा बाप डोळे मिटायचा."

तिने पाच नंबरचे चार तुकडे एकात एक बसवले, दोरी ओवली आणि काठी त्याच्या हातात दिली. "ही मऊ आहे. मधोमध वाकते. हिला जोर नको, हिला वेळ दे. मागे नेलीस की थांब. तिला वाकू दे. ती आपणहून पुढे येते. तू फक्त सोबत जा."

"मला शिकवतेस? मी सत्तावीस वर्षं..."

"फेक रे!"

त्याने अंगठा मुठीवर दाबला, मागे नेली, थांबला. काठी वाकली ते त्याला कोपरापर्यंत कळलं. पुढे आली. लाल गोंडा हवेतून गेला आणि वीस पावलांवर गवतावर असा बसला, जसा कोणी हाताने ठेवला. क्लेतोने श्वास सोडला. पुन्हा फेकली. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडावर जूनच्या आधीचं हसू आलं.

आणि तेवढ्यात कुंपणापाशी गाडी थांबली.

क्लेतोने एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. बेर्तोलामी ब्यूनस आयर्सचा. तीस वर्षं इथे राहतोय, आपलं मटण खातो, आपला काढा पितो, पण दुपारी झोपायला शिकला नाही. अख्ख्या गावात अडीच वाजता जागा असणारा तो एकटा.

"क्लेतो! नवी काठी?" मालक खाली उतरला. स्वच्छ बूट, राखाडी टोपी. "पाच नंबर? आपल्या वाऱ्यात?"

"भा... भाच्यासाठी, साहेब."

"चांगली फेकत होतात तुम्ही. बघू तरी." आणि त्याने टोपी काढली, कुंपणावरून आत टाकली. ती उलटी पडली. पंचवीस पावलं, कमी नाही जास्त नाही.

टोपीचं तोंड उघडं होतं आणि क्लेतोला त्यात दुसरंच उघडं तोंड दिसायला लागलं. अंगठा दाब, मागे ने, थांब. पण घाबरलेला माणूस थांबत नाही. तो थांबला नाही. काठी पुरती वाकायच्या आत त्याने ओढली, बोटं सैल पडली, आणि सगळी दोरी भिजलेल्या लोकरीसारखी त्याच्याच डोक्यावर, खांद्यावर, पायाशी. गोंडा बुटावर येऊन पडला. काठी त्याने छातीशी कवटाळली म्हणून वाचली.

कोणी हललं नाही. पानही नाही.

ओर्फेलिनाने मान वर केली. चित्रासारख्या पॉपलरकडे बघितलं, तारेवरच्या सरळ पायजम्याकडे बघितलं, केसांची जाळी हाताने दाबून धरली, आणि मोठ्याने म्हणाली, "बाई गं, काय वारा सुटलाय!"

बेर्तोलामीने झाडांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कुंपणाचं फाटक उघडून आत आला, टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि वरून हाताने दाबली.

"शनिवारी बघू," म्हणाला. गाडी गेली.

क्लेतो खाली बसला. ओर्फेलिनाने त्याच्या अंगावरची दोरी सोडवली, काठीचे तुकडे वेगळे केले. तीन पिशवीत घातले. चौथा, शेंड्याचा, स्वतःच्या काखेत मारला.

"हे काय?"

"तीन तू ने. हा मिळेल, दवाखान्याचा कागद दाखवलास की."

"अगं, शनिवारी..."

"मधे शुक्रवार असतो."

शेंड्याशिवाय काठी म्हणजे नुसता दांडा. रात्रभर त्याने तो दांडा चुलीशी धरून ठेवला. पहाटे देल्मिराला सांगितलं. तिने खुर्चीवरचे कपडे उचलून घड्या घातल्या, आणि कोट घालून त्याच्याबरोबर निघाली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो तीनदा मागे फिरला. तिसऱ्यांदा तिने त्याचा उजवा हात आपल्या खिशात घातला आणि आत नेलं.

कागदावर नेउकेन शहराच्या मोठ्या हॉस्पिटलची तारीख होती, बाकी डॉक्टरचं अक्षर. ओर्फेलिनाने तो वाचला, घडी केली, आणि गल्ल्याखालून शेंडा काढून दिला. कागदात काय होतं ते तिने आजवर कोणाला सांगितलं नाही, आणि ही बाई गावात कोण कोणाच्या घरी जेवलं तेही सांगते.

शनिवारी भरपूर वारा होता. टोपी गवतावर ठेवली, दोन दगड घालून. एकेक जण फेकत गेला. क्लेतोची पाळी आली. त्याने पाच नंबर जोडली, अंगठा दाबला, पुढे झाला. बेर्तोलामी चालत गेला, दगड काढले आणि टोपी उचलून डोक्यावर घातली.

"ऊन लागतंय मला," म्हणाला. "क्लेतो, तुम्ही या साली मासा कुठे आहे ते दाखवा. फेकायला पोरं आहेत."

नोकरी राहिली. भीती उतरली. पण आता टोपी नव्हती त्या जागेकडे क्लेतो बघत राहिला. एर्मेलिंदोला तीन फेकी मिळाल्या होत्या. ह्याला एकही नाही.

अजून जातो तो नदीवर. पाहुण्यांच्या मागे उभा राहतो, बोटाने दगड दाखवतो, मासा तिथेच असतो. संध्याकाळी सगळे गेले की पाच नंबर काढतो, आता डाव्या हाताने. तीन-चारांत एक नीट जाते.

उद्या तुम्ही पुलावरून जाणार, तर तो दिसेल. दोरी त्याच्या पायाशी पडली, तर थांबा जरा. झाडं हलोत की न हलोत, वर बघा, टोपी हाताने दाबा, आणि त्याला ऐकू जाईल असं एवढं म्हणा माझ्यासाठी, की काय वारा आहे!