ताईच्या डोळ्यातला डाग

लोक त्यांना डोळेमास्तर म्हणत. बुबुळातला रंग आणि बाहुलीचा आकार पाहून ते पोटापासून पाठीपर्यंतची दुखणी सांगत. भिंतीवर बुबुळाचा नकाशा होता, घड्याळासारखा. उजव्या बुबुळात आठ वाजतात तिथे यकृत. रोगी चुकेल, नकाशा चुकायचा नाही, असा मास्तरांचा खाक्या.

मास्तरांची थोरली बहीण, ताई, दरवर्षी आपल्या वाढदिवसाला त्यांच्याकडे यायची. मास्तर तिच्या डोळ्यांचा जवळून फोटो काढत, कार्डावर चिकटवत आणि खाली निदान लिहीत. उजव्या डोळ्यात, बरोबर आठच्या ठिकाणी, एक तपकिरी डाग होता. बारा वर्षं त्याखाली एकच शब्द: यकृत. बारा वर्षं ताईने तळलेल्याला हात लावला नव्हता.

"बघ बाबा, काय म्हणतंय माझं यकृत," यंदाही ताई खुर्चीत टेकत म्हणाली.

मास्तरांनी भिंग धरलं. डाग फुगला होता. बाहुलीही गोल राहिली नव्हती, डागाकडे ओढली गेली होती. नकाशाकडे त्याचंही उत्तर होतं, मणक्याची अशक्तता. शब्द अगदी ओठांवर आला. पण गेल्या वर्षीचं कार्ड शेजारी धरलं आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं. नकाशे बाजारात शंभर मिळतील, बहीण एकच होती.

"ताई, चपला घाल. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ."

"यकृतासाठी डोळ्यांचा दवाखाना?"

"यकृताचं राहू दे. मला हे कळत नाहीये."

त्या खोलीत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "डाग कधीपासून वाढतोय?"

ताईला काय ठाऊक! मास्तरांनी पिशवीतून बारा कार्डं काढून ओळीने मांडली. बाईंनी एकेक फोटो निरखून पाहिला.

"बारा वर्षं जसाच्या तसा. म्हणजे वाढ याच वर्षातली. गाठ लहान आहे, काढता येईल. डोळा वाचेल असं वाटतं. इतकी नीट नोंद कुणी आणत नाही हो! पण खाली हे यकृत काय लिहिलंय?"

मास्तरांचे कान तापले. "चूक," ते म्हणाले. "बारा वेळा केलेली."

ताई भावाकडे वळली. मास्तर बोलणी खायच्या तयारीने मान खाली घालून बसले होते.

"म्हणजे तळलेलं खाल्लं असतं तरी चाललं असतं?"

"चाललं असतं, ताई."

"गाढवा," ताई म्हणाली, आणि उठताना आधाराला त्याचाच हात धरला.