शिवेवरची बेडी

मी एक जुनी लोखंडी बेडी आहे, मित्रांनो. दोन कडी आणि मधे हातभर साखळी, एवढाच माझा देह. निजामाच्या राज्यात एका लोहारानं मला घडवलं आणि येडशीच्या चौकीतल्या खुंटीवर माझं घर झालं.

चौकीचे जमादार हशमतखान बिदरचे. धिप्पाड आणि तापट. गावानं शिवेच्या राखणीला नेमलेले सोमलिंगकाका मात्र काटकीसारखे वाळलेले आणि लहानपणीच्या तापानं ठार बहिरे. ओठ बघून ते बोलणं ओळखत. दोघांनी मिळून गस्त घालावी, असा वरून हुकूम आला. जमादार वैतागले. पाठमोऱ्या काकांवर "ए बहिऱ्या!" म्हणून ओरडायचे, आणि ती हाक वाऱ्यावर जायची.

शिवेपलीकडं रामलिंगाच्या रानात एक घळ होती. तिथं चकवा राहतो, असं गाव म्हणे. भर दुपारी, सावली पायाखाली आली, की तो आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो. जो ओ देतो, तो परत येत नाही. जमादारांचा यावर काडीचा विश्वास नव्हता.

एके दिवशी दुपारी, रानात शेळ्या चारायला गेलेल्या गावातल्या कडूबाईच्या शेळ्या एकट्याच घरी परतल्या. जमादार मला कमरेला अडकवून निघाले, तसे काका आडवे आले.

"जमादारसाब, तुमाला ऐकू येतंय, त्येचंच भ्याव हाय. मला तुमच्या हाताला बांधून घ्या."

जमादार हसले. पण शिवेच्या दगडापाशी पोचले आणि घळीतून त्यांची वारलेली लेक बोलली, "अब्बा, इधर आओ ना." त्यांचं हसू जागीच विरलं. त्यांनी माझं एक कडं स्वतःच्या मनगटात आणि दुसरं काकांच्या मनगटात अडकवलं.

आत एकही पाखरू नव्हतं. वारा पडलेला, तरी पानं हलत होती. लेक बोलावत राहिली, जमादार तिकडं ओढ घेत राहिले, आणि काका त्यांना खेचत पुढं नेत राहिले.

एका पळसाखाली कडूबाई बसली होती. कुणाच्या तरी मांडीवर डोकं टेकावं, तशी कललेली.

"आई केस विंचरतीया," ती म्हणाली.

तिची आई गेल्या साली वारली होती. आणि मित्रांनो, तिचे केस खरंच आपोआप मोकळे होत होते.

ती काही केल्या उठेना. माझी कडी तर दोनच. काकांनी हात पुढं केला.

"माझं कडं हिला घाला. मला बहिऱ्याला कोण हाक मारणार?"

जमादारांनी तसं केलं. काकांनी माझी साखळी मधोमध धरली आणि दोघांना ओढत ते माघारी निघाले. अर्ध्या वाटेत ते थबकले.

"जमादारसाब, मला ऐकू याया लागलंय."

जमादार त्यांच्या तोंडापुढं आले. "कोण बोलतंय?"

"वळखू येईना. कुणाचा आवाज कसा असतो, त्येच मला आठवत न्हाय. पण लई गोड हाय वो."

काकांच्या डोळ्यांना धार लागली होती. तरी शिव येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. दगडापाशी येताच त्यांनी दोघांना गावाच्या बाजूला ढकललं आणि मूठ उघडली. त्यांचे पाय आपोआप घळीकडं वळले.

"काका!" जमादार ओरडले.

सोमलिंगकाका पाठमोरे होते, तरी थांबले. वळून इतकं निर्मळ हसले! "व्हय, ऐकलं," म्हणाले, आणि आत चालू लागले. जमादारांनी किल्ली फिरवून कडं उघडलं, तोवर वाट रिकामी झाली होती.

त्या दिवसापासून रोज दुपारी जमादार शिवेवर उभे राहून काकांना हाक मारत. कडूबाईही मारी. निजामाचं राज्य गेलं, जमादारांची वर्दी गेली, पण ते बिदरला परतले नाहीत. दगडाजवळच्या कडुलिंबावर त्यांनी मला टांगलं आणि एक कडं काकांसाठी उघडं ठेवलं.

आता ते दोघंही नाहीत. माझ्यावर गंज चढला आहे, त्याची मला खंत नाही. पण दुपारी घळीतून कुणाची तरी पावलं वर येतात आणि दगडापलीकडंच थांबतात. मित्रांनो, इथून जाल तेव्हा घाई करू नका. घळीकडं तोंड करून सोमलिंगकाकांना एक हाक मारा. मायेनं मारा. त्यांना आता ऐकू येतं.